कारण सांगायचं नाही!

शिस्त शिकावी तर आमच्याकडून! उगाच नाही मी शाळेचा पर्यवेक्षक झालो. त्या दिवशी तपासणीला येणारे साहेब खूश झाले, की मुख्याध्यापकपद माझंच. बायकोनं तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं!

म्हणून मी नवा नियम काढला. चूक झाली, की वर्गाबाहेर. कारण सांगायचं नाही, कुणी ऐकायचं नाही! साहेबांसाठी भिंती, दारं, खुर्च्या सगळं हिरवंगार करून घेतलं. रंगारी बिचारा पहाटेपर्यंत राबत होता.

सकाळी दहावीच्या वर्गात गेलो आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. पहिल्या बाकावरची चिमणी नावाची मुलगी उठली.

"सर, ती खुर्ची..."

"न विचारता बोललीस! बाहेर!"

"पण सर..."

"कारण नको!"

मी उठून फळ्याकडे वळलो आणि मागे खसखस पिकली. कोण हसलं ते कुणी सांगेना. मागची रांग बाहेर! पुन्हा वळलो, पुन्हा तेच. या कार्ट्यांना झालंय तरी काय?

मॉनिटर कळवळून म्हणाला, "सर, तुमच्या मागे..."

"माझ्या मागे काय चालतं ते मला कळतं!"

तोही गेला. मग उरलेले सगळेच गेले. वर्ग कसा शांत झाला!

तेवढ्यात साहेब आले. "मुलं बाहेर का?"

"शिक्षा, साहेब! इथे माफी नाही आणि कारणही ऐकलं जात नाही!"

"वा! मुख्याध्यापक असाच हवा!" म्हणत साहेब त्याच खुर्चीत ऐसपैस बसले, चहा प्यायले आणि उठले.

आणि मला दिसलं. साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर हिरवे पट्टे! मी हळूच माझ्या मागे हात लावला. हात हिरवा!

"साहेब, ती खुर्ची..."

"कारणं नकोत! तुमचाच नियम ना?" साहेब हसत व्हरांड्यात निघाले, मी मागोमाग.

मुलं ओठ दाबून उभी. एकाच्याही तोंडातून आवाज नाही! आणि ते पट्टे असे डुलत डुलत चालले, की फिस्सकन हसलो तो मीच!

साहेब गर्रकन वळले. "कोण हसलं?"

"मी... पण त्याचं काय आहे, साहेब..."

"रांगेत उभे राहा! असला माणूस मुख्याध्यापक? शक्यच नाही!"

मुकाट्यानं चिमणीशेजारी जाऊन उभा राहिलो. आता बायकोला काय तोंड दाखवू? पाठ टेकायला मागे सरकलो. चिमणी हळूच म्हणाली, "सर, ती भिंत..."

"कारण नको!" मी सवयीनं खेकसलो आणि टेकलो.