कोंबडीचं अर्धं तिकीट

हिर्डोशीचे दगडूतात्या मला, म्हणजे एसटीच्या कंडक्टरला, दर खेपेला कोंबडीचं अर्धं तिकीट मागतात. माझ्या मशिनीत कोंबडी बसत नाही, हे मी त्यांना पन्नास वेळा सांगितलं असेल. पण तिकीट काढलं की ती पॅसेंजर झाली, मग तिला कुणी टपावर टाकणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

तात्या गावठी कोंबड्या पाळतात आणि गिऱ्हाइकाला जिवंत धाडतात. आधी फोनवर उलटतपासणी होते, पाळायला हवी का कापायला? लोकही लेकाचे सराईत, सगळेच पाळायला म्हणतात.

बांधणी मात्र तात्यांनीच करावी. बांबूची पाटी, तळाला भाताचा पेंढा, तहानेला काकडीची फोड आणि वरून सैल शिवलेलं गोणपाट. "जीव हाय तो, बोचकं न्हाई," असं बजावून मगच पाटी माझ्या हातात देतात. नंतर भोर येईपर्यंत तीन फोन. बसली का, धापा टाकती का, ऊन लागतंय का? एवढी चौकशी माझ्या बायकोनं माझी कधी केली नाही.

गेल्या महिन्यात मात्र ते तिकीट मागायचंच विसरले. पाटीत काकींची लाडकी कोंबडी होती, कवडी. काकी म्हणजे तात्यांची बायको, दिवाळीत वारल्या. ही म्हातारी कोंबडी सदा त्यांच्या मागं मागं असायची, आणि आता दाण्याला तोंड लावत नव्हती. हितं ऱ्हायली तर मरंल, सारोळ्याला लताकडं पोचवा, म्हणाले. लता त्यांची एकुलती लेक. तिला कळवायचं कामही माझ्याच गळ्यात घातलं.

भोरला गाडी बदलावी लागते. एरवी मी पाटी पुढच्या कंडक्टरकडं देऊन मोकळा होतो. पण कवडीनं मान टाकली होती. माझी ड्युटी संपलेली. तात्यांच्या नावानं बोटं मोडत पाटी मांडीवर घेतली आणि सारोळ्याच्या गाडीत बसलो.

लता स्टँडवर उभीच होती. तिनं शिवण उसवली आणि "कवडे" म्हणून हाक मारली. हुबेहूब काकींचा आवाज! कोंबडीनं मान उचलली आणि तिच्या हातावरचे तांदूळ टिपायला लागली. माझा जीव भांड्यात पडला.

तात्यांना फोन लावून म्हटलं, पोचली, खातीय.

"बरं झालं. लता कशी हाय?"

म्हटलं, समोरच आहे, तुम्हीच विचारा.

तात्या म्हणाले, "तिच्या तोंडून तिची आईच बोलल्यावानी वाटतं, मास्तर. आयकवत न्हाई. दिवाळीपासून म्या पोरीचा फोन उचलला न्हाई."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. मी फोन लताच्या हातात दिला. ती नुसतं "आबा" म्हणाली, आणि पलीकडं तात्या रडायला लागले ते मलासुद्धा ऐकू आलं.

लतानं डोळे पुसले. म्हणाली, "रडा आबा. पर फोन ठेवू नका."