मधला गॅप

वितरकाने टायमरचा दुसरा लॉटही परत पाठवला, तेव्हा साहेबांनी खोका आपल्या टेबलावर ठेवला आणि खोक्यासमोर चौकसला उभे केले. चौकस हे काही त्याचे नाव नव्हे. पण कंपनीत सगळे त्याला तेच म्हणत आणि आता तोही त्याला ओ देऊ लागला होता. कंपनी लहान. कारखान्यातली यंत्रे ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद करणारे टायमर आणि जास्त विजेचा भार पेलणारे रिले गिऱ्हाईक सांगेल तसे बनवायचे आणि वितरकांमार्फत विकायचे, हा तिचा धंदा. विक्री चौकसकडे होती.

"आता काय तक्रार आहे?"

"तीच. गॅप कमी पडतोय."

या टायमरचे काम जरा विचित्र होते. त्याने मोटर चालू करायची, बंद करायची, मग थोडा वेळ काहीच करायचे नाही, आणि पुन्हा मोटर चालू करायची. तक्रार होती ती या काहीच न करण्याबद्दल. ते पुरेसे होत नव्हते.

"मोटर बंद असताना तिथं होतं तरी काय?"

"शेठ सांगत नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

हा प्रश्न चौकसला विचारणे म्हणजे माशाला पोहता येते का, असे विचारण्यासारखे होते. "रोज विचारतो. ते म्हणतात, गिऱ्हाईकाची गोष्ट आहे, गुप्त आहे."

"हे बघा, नेमकी कुठं माशी शिंकलीय ते शोधून काढा," साहेब शांतपणे म्हणाले. "लॉट तिसऱ्यांदा परत आला, तर त्याच्याबरोबर तुम्हीही जा."

शेठ म्हणजे हा वितरक. कंपनी आणि गिऱ्हाईक एकमेकांना भेटले की आपली गरज संपली, ही त्याची जन्माची धास्ती. म्हणून तो कंपनीला गिऱ्हाईकाचे नाव सांगत नसे आणि गिऱ्हाईकाला कंपनीचे. प्रत्येक टायमरवरचे कंपनीचे स्टिकर तो ब्लेडने खरवडून काढी आणि तिथे स्वतःचे लावी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौकसने त्याला पुन्हा फोन केला. "शेठ, निदान एवढं तरी सांगा, गॅपमध्ये यंत्र गार होतं का?"

"होत असेल."

"की माल वाळतो?"

"वाळतही असेल. तुम्हाला काय करायचंय? गॅप वाढवा."

"किती?"

"पुरेल एवढा."

त्या संध्याकाळी चौकसने परत आलेला एक टायमर घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर खोलला. आत पांढऱ्या तंतूंचा एक पुंजका अडकला होता. बायकोने ताटे मांडता मांडता तो उचलला आणि बोटांत चुरगाळून पाहिला.

"उशी का फाडलीत?"

"हे उशीतलं आहे?"

"मग काय? आपल्या उशांमधून निघतं ते मीच झाडते रोज. तुम्ही नुसते झोपता, तुम्हाला काय माहीत."

चौकसला रात्रभर झोप लागली नाही. उशीच्या कारखान्याला टायमर कशाला? आणि उशी काहीच न करता कशाची वाट बघते?

शहरात उशांचा कारखाना एकच होता. दुसऱ्या दिवशी तो तिथे पोहोचला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "एक उशी घ्यायची होती. पण भरताना बघून घेईन म्हणतो."

"बघून? का हो?"

"झोप लागत नाही," चौकस म्हणाला, आणि ते खरेच होते.

बाई त्याला आत घेऊन गेल्या. आत ओळीने यंत्रे होती आणि प्रत्येकावर शेठचे स्टिकर लावलेला जुनाच टायमर. पहिल्याच यंत्रावरच्या कारागिराने पाइपच्या तोंडाला रिकामी खोळ लावून दोन्ही हातांनी धरली. मोटर घुमली, पांढरे तंतू भसाभस आत शिरले, खोळ अर्धी फुगली आणि मोटर थांबली. कारागिराने मान वळवली, डोळे मिटले, क्षणभर वाट पाहिली आणि जोरात शिंकला. मोटर पुन्हा सुरू झाली. उशी भरली. पुढची उशी, पुन्हा शिंक.

"प्रत्येक उशीला?" चौकसने विचारले.

"प्रत्येक," बाई म्हणाल्या. "बारीक धूळ उडते ना. पूर्वी मोटर सलग चालायची. हा शिंकला की खोळ हातातून सुटायची आणि अख्खी उशी आमच्या डोक्यावर. म्हणून शिंकेपुरता थांबणारा टायमर बनवून घेतला."

"पायानं बंद करायचं बटण नव्हतं?"

"होतं की. आधी बंद करायचा, पण शिंकताना पाय पुन्हा त्याच्यावरच पडून मोटर चालू व्हायची."

"नाकाला फडकं बांधून बघितलं?"

"फडक्यात शिंकून बघा एकदा," कारागीर म्हणाला. "पहिली वेळेवर येते हो. थंडी पडल्यापासून दुसरीही यायला लागलीय. तिचा भरवसा नाही."

चौकसला इतका आनंद झाला की त्या कारागिराला मिठी मारावीशी वाटली. तेवढ्यात दारातून शेठ आत आला आणि चौकसला पाहून जागच्या जागी थिजला.

"या शेठ," बाई म्हणाल्या. "हे आमचे टायमरवाले. सगळं स्वतः बनवतात. आणि हे उशीचं गिऱ्हाईक."

दोघांनी जन्मात कधी न भेटल्यासारखा एकमेकांना नमस्कार केला.

"स्वतः बनवता? कठीण असेल," चौकस म्हणाला.

"सवयीनं जमतं," शेठ बुटांकडे बघत म्हणाला.

इतक्यात कारागीर शिंकला आणि लगेच पुन्हा शिंकला. दुसऱ्या शिंकेआधीच मोटर सुरू झाली होती. खोळ सुटली आणि चौघेही पांढरे झाले. शेठ तोंडातले तंतू काढत कारागिराकडे पाहत राहिला.

"यासाठी?" तो पुटपुटला. इतके दिवस प्राणपणाने जपलेले गुपित त्याला आजच कळत होते.

"आता तुम्हीच सांगा," बाई केस झटकत म्हणाल्या. "गॅप वाढवला की दिवसाच्या उशा कमी भरतात. नाही वाढवला तर हे असं."

इथे चौकसने गप्प बसायला हवे होते. पण कोडे समोर आणि उत्तर जिभेवर, अशा वेळी गप्प बसणे त्याच्या रक्तात नव्हते. "पाइपच्या तोंडाशी धूळ ओढणारा पंखा बसवा ना. मग शिंकच येणार नाही."

बाईंनी वाकून पाइपचे तोंड पाहिले. "खरंच की. शेठ, मग हे टायमर नकोतच. नवीन लॉट राहू दे. पंखे मिळतील?"

"पंखेही आम्हीच बनवतो," शेठ म्हणाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपली ऑर्डर आपल्याच तोंडाने बुडवून चौकस बाहेर पडला. उशी मात्र त्याला घ्यावीच लागली.

ती काखेत मारूनच तो साहेबांपुढे उभा राहिला आणि त्याने सगळे सांगून टाकले. साहेब ऐकता ऐकता पुढे सरकले. "आणि दुसरी शिंक किती वेळानं यायची?"

"तिचा भरवसा नसतो."

"कमाल आहे." मग साहेबांना रागवायचे आठवले. "म्हणजे ऑर्डर तुम्हीच घालवलीत. लॉटबरोबर तुम्हीही जा म्हटलं होतं ना मी? उद्यापासून तुम्ही..."

फोन वाजला. शेठ होता, दबक्या आवाजात. "नवीन गिऱ्हाईक आहे. नाव विचारू नका. यंत्राच्या आधी एक वस्तू चालू व्हायला पाहिजे आणि यंत्र थांबल्यावरही जरा वेळ चालत राहायला पाहिजे. असे टायमर हवेत. वस्तूला वीज जास्त लागते, म्हणून प्रत्येकाबरोबर दणकट रिलेही."

चौकसने मुकाट्याने लिहून घेतले आणि कागद साहेबांपुढे सरकवला. ऑर्डर आधीच्यापेक्षा मोठी होती. "अजून काही, शेठ?"

शेठने फोन ठेवला नाही. "कशासाठी ते नाही विचारलंत?"

"गुप्त असेल."

"गुप्त तर आहेच," शेठ जरा हिरमुसून म्हणाला. "पण विचारायला काय हरकत होती?"

चौकसने फोन ठेवला. साहेब कागद पुन्हा पुन्हा वाचत होते.

"साहेब, उद्यापासून मी काय?"

साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "उद्या सकाळी, ते पंखे बसायच्या आत, मला तिथं घेऊन चला," ते म्हणाले. "मलाही एक उशी घ्यायचीय."