दुर्बीणकाकांनी पाठ फिरवली

"माझ्या दुकानातून आजवर कुणी साधी टाचणी उचललेली नाही," हे वाक्य दुर्बीणकाका रोज निदान एकदा तरी म्हणत. ऐकायला गिऱ्हाईक नसलं तर बायकोला ऐकवत. ती आत तांदूळ निवडत बसलेली असे आणि मान वर न करता "बरं" म्हणत असे.

त्यांना खरं नावही होतं, पण ते दुकानाच्या पाटीवर, आणि पाटी वाचतो कोण! दुर्बीण हे नाव मात्र त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर कमावलेलं होतं. किराणा दुकान ते चालवत कमी आणि राखत जास्त. छताच्या दोन कोपऱ्यांत त्यांनी भंगारातल्या ट्रकचे फुगीर आरसे टांगले होते. दाराला घंटा बांधली होती. पण खरी करामत वेगळीच. गिऱ्हाइकाकडे त्यांनी जन्मात पाठ केली नव्हती! मागच्या फळ्यांवरचं काहीही मागा, साखर, मेणबत्ती, बुटाचं पॉलिश. काकांचे डोळे तुमच्यावरच, आणि डावा हात मागे जाऊन नेमकी तीच वस्तू पुढे आणणार. माणूस मुळात चोर नसतो, दुकानदाराची पाठ त्याला चोर करते, असा त्यांचा सिद्धांत होता.

अशा माणसाच्या दुकानात एका दुपारी सिनेमावाली आली. बारीक चणीची तरुण बाई, खांद्याला स्वतःपेक्षा मोठी पिशवी.

"काका, मी एका मुलावर सिनेमा करतेय," ती म्हणाली. "चौदा-पंधराचा आहे. घरात अठराविश्वे दारिद्र्य, बाप परागंदा, आई दिवसभर कामावर. हा आतल्या आत धुमसणारा. वर्गातली पोरं त्याच्या अंगाच्या वासावरून त्याला चिडवतात. मग एक दिवस तो दुकानातून साबणाची वडी चोरतो."

"कुणाच्या दुकानातून?"

"तुमच्या."

"शक्य नाही," काका म्हणाले.

"म्हणूनच तर तुमच्याकडे आले. मला खोटं काही नकोय. मुलगा कोण, कधी येईल, सांगणार नाही. कॅमेरा समोर शिंप्याकडे, टांगलेल्या कोटांच्या आड. तुम्ही रोज जे करता तेच करायचं. पकडलंत तर पकडलंत, नाही तर नाही. जे घडेल ते सिनेमात."

"नाही तर नाही, हा प्रश्नच येत नाही. पकडणार."

ती गेल्यावर बायको बाहेर आली. "ही सिनेमावाली कशावरून? उद्या टोळी येऊन दुकान धुऊन नेईल, आणि तुम्ही केसांवरून हात फिरवत उभे राहाल."

काका चिडले. पण संशय हा त्यांचा प्रांत, तिथे बायको पुढे गेलेली त्यांना खपेना. ते तडक शिंप्याकडे गेले, कोट बाजूला सारले, कॅमेरा बोट लावून पाहिला आणि मगच निश्चिंत झाले. परतताना न्हाव्याकडे थांबून केस काळेकुळकुळीत करून आले.

"नेहमीसारखं राहा म्हणाली ना ती?" बायकोनं विचारलं.

"नेहमी म्हणजे पूर्वीचं नेहमी," काका म्हणाले आणि गोण्यांच्या खोलीत जाऊन भाषणाची तालीम करू लागले. "गरिबी हा गुन्हा नाही, बाळा. पण चोरी हा आहे. बोल, पुन्हा करशील?" तांदळाच्या गोणीनं ते निमूट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि काकांच्या लक्षात आलं की गल्लीत चौदा-पंधराची पोरं काही कमी नाहीत. सगळीच कुठे ना कुठे फाटकी, सगळीच आडवं बघणारी. जो हसला तो संशयित, आणि जो गप्प राहिला तो तर नक्कीच. एकाला त्यांनी शाई हवी की चोरायचीय असंच विचारलं. पोरगं शाई न घेताच पळालं, आणि मग ते का पळालं याचा काका तासभर विचार करत बसले.

दुपारी उशिरा हेडसरांचा नातू आला. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, महिन्याचं सगळं सामान काकांकडून घेणारे जुने गिऱ्हाईक. नातू आजोबांकडे राहायला नुकताच आलेला, त्यामुळे काकांनी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. पोराचा एक हात खिशात, खिसा टम्म फुगलेला.

"काय हवंय?"

"काडेपेटी," तो म्हणाला, आणि दाराकडे बघू लागला.

सापडला! काका गल्ल्यामागून बाहेर आले, पोराचं मनगट धरलं, त्याला रस्त्याकडे तोंड करून उभं केलं, स्वतःची बरी दिसणारी बाजू शिंप्याकडे केली आणि त्याच्या खिशातून एक डबी काढून, उघडून, न बघताच उंच धरली.

"गरिबी हा गुन्हा नाही, बाळा," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"काका, ते आजोबांचे दात आहेत," नातू म्हणाला.

दातच होते. वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या, नुकत्याच दुरुस्त होऊन आलेल्या. रस्त्यावर माणसं जमली होती आणि त्यांच्यातून वाट काढत खुद्द हेडसर आले. ते जे बोलले त्यातला एकही शब्द दातांअभावी कुणाला कळला नाही, पण अर्थाबद्दल कुणाला शंका राहिली नाही. मग त्यांनी काकांच्या हातून डबी घेतली, शांतपणे दात बसवले आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. "माझ्या नातवाला भररस्त्यात चोर ठरवलंत. या दुकानाची पायरी मी पुन्हा चढणार नाही."

शहाणा माणूस इथे थांबला असता. पण काकांना वाटलं, हीच तर सिनेमावाल्यांची चाल. आधी बिनचोर पोरगं पाठवून आपल्याला नरम करायचं, मग खरा पाठवायचा. म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी एका सडपातळ, मिसरूड न फुटलेल्या पोरानं गल्ल्यावरचं अर्ध्या किलोचं वजन उचलून पिशवीत टाकलं, तेव्हा काकांनी झडप घालून त्याचं बखोट धरलं आणि अख्खं भाषण रस्त्याला ऐकवलं. पोरानं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग खिशातून ओळखपत्र काढलं. वजनमाप खात्याचे नवे निरीक्षक होते ते, वजन तपासणीला नेत होते. त्यांनी मग उरलेली सगळी वजनं नेली, आणि तराजूही.

संध्याकाळी काका मोकळ्या गल्ल्यावर कोपरं टेकून बसले होते, तेवढ्यात सिनेमावाली आली.

"काका, तुमचे आभार मानायला आले. काल येता आलं नाही, शाळेतलं शूटिंग लांबलं."

"आभार कसले? मुलगा अजून यायचाय."

"तो काल सकाळीच येऊन गेला. दुकान उघडल्यावर थोड्या वेळानं. फार सुंदर झालं तुमचं काम."

"आणि कॅमेरा?"

"तो आम्ही काल सकाळीच हलवला."

म्हणजे दोन्ही भाषणं काकांनी नुसत्या कोटांना ऐकवली होती.

ती गेल्यावर ते साबणांच्या फळीपाशी गेले. गुलाबी वड्यांची रास, आणि मागच्या रांगेत एका वडीएवढी खाच. उभ्या आयुष्याची टाचणी गेली होती! बायकोला कळू नये म्हणून ते टोपी कपाळावर ओढून चौकापलीकडच्या दुकानात गेले, तशीच गुलाबी वडी विकत आणली आणि खाचेत बसवली. त्या दुकानदारानं वडी काढताना चांगली दोन मिनिटं पाठ केली होती. काकांना त्या अवस्थेतही त्याची कीव आली.

पुढचे काही महिने काका धास्तीत होते. आपण लुटले गेलो हे सगळं गाव पडद्यावर बघणार. दुकानात येणाऱ्याला ते आपण होऊन सांगत, "तो सिनेमा रटाळ आहे म्हणे. जाऊ नका." त्यामुळे न जाणारेही जाऊन तिकिटं काढून आले. बायकोनं तर पहिल्या दिवसाची काढली.

सिनेमा रटाळ नव्हता. पडद्यावरचा पोरगा हाडांचा सापळा, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. तो कुणाशी धड बोलत नव्हता, आईवर खेकसत होता, आणि ती कामाला गेली की तिची उशी नीट करून ठेवत होता. काका आपली धास्ती विसरून गेले. पोरगा त्यांच्या दुकानात शिरला, घंटा वाजू नये म्हणून त्यानं ती बोटानं धरली, साबणांपाशी जाऊन आधी स्वतःच्या बाहीचा वास घेतला, तेव्हा काका खुर्चीतच पुढे वाकले. घे बाबा, असं त्यांच्या तोंडून निघता निघता राहिलं.

मग पडद्यावर खुद्द काका दिसले. त्यांनी मान वर करून कोपऱ्यातल्या आरशात पाहिलं. आरशात पोराचा हात साबणावर. काकांची नजर तिथे खिळली. कठोर चेहरा हळूहळू निवळला, ओठांवर पुसटसं हसू आलं. आणि मग त्यांनी मुद्दाम मान खाली घातली आणि काडेपेट्या सारख्या करत बसले. पोरगा वडी घेऊन निघून गेला.

थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. पुढच्या रांगेत हेडसर चष्मा काढून डोळे पुसत होते.

काका मात्र खुर्चीत गारठले होते. त्यांना ती सकाळ लख्ख आठवत होती. कानशिलावरचा कलप नीट बसलाय का, ते पाहत होते ते. बसला होता. हसू त्याचं होतं.

बाहेर पडल्यावर हेडसरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "दिसलं आणि सोडून दिलंत! मी जन्मभर पोरांना छड्या मारल्या, मला हे कधी सुचलं नाही. उद्यापासून आमचं सामान पुन्हा तुमच्याकडून."

भोवती सगळी गल्ली उभी होती. खरं सांगावं, तर दुर्बीण आंधळी ठरत होती. काकांनी घसा खाकरला. "दिसलं हो," ते म्हणाले. "म्हटलं, जाऊ दे."

घरी जाताना बायकोनं विचारलं, "केस बघत होतात ना?"

काकांना कलपाचं दुःख नव्हतं. खरंच दिसलं असतं तर आपण सोडलं असतं का, हा प्रश्न त्यांना टोचत होता, आणि उत्तर त्यांना ठाऊक होतं. मनगट धरून भाषण ऐकवलं असतं, दुसरं काय! त्या पोराची बाही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. एवढं कौतुक फुकट घेतलंय, ते आता फेडायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

संधी दुसऱ्याच दिवशी सकाळी चालून आली. घंटा अगदी हलकेच वाजली. आरशात एक पोरगा दिसला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, अंग चोरून चाललेला. तो साबणांपाशी घुटमळला, काकांकडे बघून दचकला, पुन्हा घुटमळला.

काकांचा सगळा जन्म विरोध करत होता. पण त्यांनी गल्ल्याच्या कडा घट्ट धरल्या, डोळे मिटले, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाकडे पाठ केली.

डोळे उघडले तर समोर त्यांच्याच फळ्या, ज्या त्यांनी कित्येक वर्षांत पाहिल्याच नव्हत्या. हे एवढं धुळीनं माखलेलं दुकान आपलं? पण ते हलले नाहीत. जाण्याचा आवाज येईना, तसे ते प्रेमानं म्हणाले, "घे, बाळा. मी बघत नाहीये."

मागे पावलं जवळ आली.

"लाजू नकोस. गरिबी हा गुन्हा नाही."

"काका," मागून अगदी जवळून घाबरा आवाज आला, "मला साबण नकोय. कवळी धुवायची पावडर हवीय. आजोबांनी पैसे दिलेत."

काका दचकले. पावडर म्हणताच सवयीनं त्यांचा डावा हात नेहमीसारखा सपकन मागे गेला. पण फळ्या आज मागे नव्हत्या. हाताला लागला तो हेडसरांच्या नातवाचा कान, आणि हातात आलेली वस्तू काका कधी सोडत नसत.

पोरानं बोंब ठोकली. दुकानाच्या पायरीवर, पुन्हा न चढायच्या त्याच पायरीवर, हेडसर एक पाय वर टाकून उभे होते. आज दात तोंडात होते, त्यामुळे त्यांचा एकच शब्द अगदी स्पष्ट ऐकू आला.

"पुन्हा?"