हेडाऊ सिस्टरांचा ‘मंग?’

माणूस रक्तबंबाळ होऊन आला तरी हेडाऊ सिस्टर त्याला आधी एकच विचारायच्या, "झालं कसं?" आणि तो "अचानक झालं जी" म्हणाला, की त्यांचं डोकं फिरायचं.

"अचानक काही नाही होत बाप्पा. पहिलेपासून सांग."

पहिलेपासून म्हणजे अगदी सकाळच्या चहापासून. माणूस सांगता सांगता कण्हायला थांबला, की या मान वर न करता म्हणायच्या, "मंग?"

हायवेच्या कडेच्या आमच्या सरकारी दवाखान्यात मी नवीन नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मला ही बाई नसत्या चौकशा करणारी वाटली. मग एक दिवस छपरावरचं कोहळं तोडताना तेच कोहळं डोक्यावर पडलेली एक आजी आली. सिस्टरांनी विचारलं, "केवढं होतं वो कोहळं?"

आजींनी दोन्ही हातांनी दाखवलं.

"फुटलं का?"

"नाही फुटलं."

"मंग? घरी आहे ना? भाजी करजो."

आजी भडकल्या. "माहं डोस्कं फुटलं अन् तुले कोहळ्याची पडली!" त्यांचं भांडण संपेपर्यंत पाच टाके घालून झाले होते. आजींना कळलंही नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं.

तशी आमच्याकडे कहाण्यांना तोटा नाही. सानगडीच्या बाजारातून सायकलवर कोंबडा घेऊन निघालेला गृहस्थ, कोंबडा फडफडला म्हणून नालीत गेला आणि ब्रेकचा दांडा गालात घुसवून आला, कोंबड्यासकट. गोसीखुर्द धरणाकडचा एक जण मासे धरायला गळ फेकताना स्वतःचाच कान गळाला लावून आला. सिस्टर सगळं ऐकायच्या, हसायच्या मात्र नाहीत. हसायला अंगात जोर लागतो, म्हणायच्या.

सकाळी आठला ड्युटीवर आल्या आल्या त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "पोरी, मी थकली." पायांच्या शिरा फुगलेल्या, त्यावर घट्ट मोजे. डबा तीन हप्त्यांत खायच्या; शेवटच्या हप्त्याला भात वाळून खडे झालेले असायचे. घरी कोणी नव्हतं. नवरा कधीचाच वारला होता, मूलबाळ नाही. पवनीला भाऊ होता, पण तो दिवाळीपुरता.

एका दुपारी चार माणसांनी देवानंदला आणलं. वरठीला कारखान्यात कामाला जाणारा, तिशीतला. पुढच्या ट्रॅक्टरवर बांबू लादलेले होते. ट्रॅक्टर थांबला, देवानंदची मोटरसायकल थांबली नाही. एक बांबू खांद्यातून आरपार गेला होता, मागे-पुढे दोन-दोन हात बाहेर. आणणाऱ्यांपैकी एकाने बांबूला हात घातला.

"ओढू नोको!" सिस्टर अशा ओरडल्या, की बाह्यरुग्ण विभागातली रांग मागे सरकली. "ओढला तर रक्त थांबनार नाही. सोड!"

डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि नागपूरला हलवायचं ठरवलं. पण एवढ्या बांबूसकट माणूस अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारातून जाईना. समोरच्या फर्निचरवाल्याकडून करवत आणली. तो स्वतःच कापायला बसला. सिस्टरांनी दोन्ही मुठींनी बांबू खांद्यापाशी घट्ट धरला, कापताना तो आत हलू नये म्हणून. मग तसाच धरून त्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढल्या. मागोमाग मी.

देवानंदचे डोळे मिटायला लागले.

"ए बापू, झोपू नोको. सांग, झालं कसं? पहिलेपासून."

"सकाळी... डब्बा घेऊन निघालो... ड्युटीवर."

"वरठी तर तिकडं राहिली. तू इकडं काहून आला?"

त्याने तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाल्या, "मंग?"

"शंकरपट होता जी... बैलांची शर्यत पाहाले चाललो होतो. माह्या बायकोले नोका सांगू."

"नाही सांगत. कोनाचे बैल होते?"

नागपूरपर्यंत तो बैलांची नावं सांगत राहिला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला सिस्टरांची मनगटं ताठ व्हायची. त्याला आत नेलं, तेव्हा त्यांच्या मुठी उघडेनात. मी एकेक बोट सोडवलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी कपडे घ्यायला नागपूरला निघाले, तर एसटीत पुढच्या सीटवर सिस्टर.

"कुठं चालल्या?"

"काम आहे."

मी त्यांच्यासोबतच उतरले. त्या सरळ मोठ्या दवाखान्यात गेल्या. वॉर्डातल्या आयाबाईंनी त्यांना पाहून विचारलं, "आज कोनाले पाहाले आल्या, सिस्टर?" म्हणजे हे नेहमीचं होतं.

"तो मळणी यंत्रात हात गेलेला, मागच्या महिन्यात पाठवला होता..."

आयाबाईंनी नुसती नकारार्थी मान हलवली. सिस्टर पुढच्या वॉर्डाकडे चालू लागल्या.

"आपन पाठवून देतो पोरी," त्या मला म्हणाल्या. "मंग कोनी सांगत नाही, मानूस राहिला का गेला. म्हनून येतो."

देवानंद राहिला होता. खांद्याला मोठं बँडेज, गाढ झोपलेला. उशाशी बसलेली त्याची बायको आम्हाला ओळखत नव्हती. सिस्टरांनी बँडेज निरखलं, त्याची बोटं दाबून गरम आहेत का पाहिली, खाली गेलेली चादर नीट केली.

"ड्युटीवर जाता जाता झालं पाहा," बायको सांगू लागली. "बिचारा कधी खाडा नाही करत."

"होय ना वो माय," सिस्टर म्हणाल्या आणि स्टूल ओढून बसल्या. बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

बायकोने शेवटी संकोचून विचारलं, "तुमचं कोन भरती आहे जी इथं?"

सिस्टरांनी वॉर्डभर एकदा नजर फिरवली. मग झोपलेल्या देवानंदकडे पाहून म्हणाल्या,

"सध्या हाच आहे."