अडीच पेपरांचं रीळ

किशोरीबाईंचा पहिला क्लास रविवारी चार वाजता होता. विषय, कारखान्यांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून घर सजवणं. सुकापुरातल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये पाच बायका येणार होत्या. आवडलं तर क्लास सुरू. नाहीतर पुन्हा दोन वर्षं धीर गोळा करत बसायचं.

"टेबलासाठी केबलचं रिकामं लाकडी रीळ आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आणि आधी दार मोजा. टेपनं!"

प्रभाकर मोकलांनी पस्तीस वर्षं बातमीदारी केली होती. टेप त्यांना परका वाटे. ते सगळं पेपरनं मोजत. (बायकोच्या ब्लाउजचं मापही एकदा असंच दिलं होतं. त्या ब्लाउजचा आता उशीचा अभ्रा आहे.) त्यांनी सकाळचा अंक दाराला लावला. अडीच पेपर.

उरण रस्त्यावरच्या काशिरामच्या भंगारात रीळ मिळालं. जेवढं उंच तेवढंच रुंद.

"सायेब, टेप देऊ?"

"पेपर दे."

काशिरामनं रद्दीतून एक अंक ओढला आणि प्रभाकररावांना गहिवरून आलं. त्यांच्याच पेपरचा बारा वर्षांपूर्वीचा अंक, पहिल्या पानावर त्यांचीच बातमी! त्याच अंकानं त्यांनी रीळ मोजलं. अडीचला थोडं कमी.

"घासून जाईल."

"अडकला तं आमी परत घेनार नाय हां!"

रविवारी साडेतीनला रीळ दाराच्या चौकटीत पाचर मारल्यासारखं बसलं. आत किशोरीबाई, बाहेर प्रभाकरराव, टेम्पो पसार.

"मोजलं होतंत ना?"

"पेपर खोटं बोलत नाही!" प्रभाकररावांनी भंगारातून आणलेला जुना अंक फडकवला.

किशोरीबाईंनी रिळावरून हात लांबवून तो घेतला आणि त्यावर आजचा ठेवला. आजचा चांगला दोन बोटं अरुंद.

"कागद वाचवायला मालकांनी पेपर अरुंद केला, तेव्हा ऑफिसात उपोषणाला कोण बसलं होतं हो?"

प्रभाकररावच बसले होते. (दुपारच्या डब्यापर्यंत.)

तेवढ्यात पाचही जणी हजर. किशोरीबाईंचे डोळे डबडबले.

"रडतंस कशाला, बाय?" उरणहून आलेल्या सोनाबाई कोळणीनं आपली पिशवी रिळावर ठेवली. "टेबल झाला ना तुजा? आमी बसतो समोरच्या जिन्यावर."

आणि क्लास झाला. लाकूड घासायचं कसं, कडा गोल करायच्या कशा, आणि सगळ्यात आधी मोजायचं कसं. पाचही जणींनी नावं दिली. प्रभाकररावांना मग रिळावरून चढवून आत घेतलं. चहा करायला माणूस हवा होता.

कपांचे डाग पडू नयेत म्हणून किशोरीबाईंनी रिळावर तो जुना अंक पसरला. पाच जणींतली स्नेहा जिन्यावरून उठून जवळ आली आणि मोठ्यानं वाचू लागली:

"'मोजमाप न घेताच बांधली मोरी, जबाबदार कोण?'"

"कोन गो?" सोनाबाईनं विचारलं.

स्नेहानं कप उचलून खालची ओळ वाचली.

"प्रभाकर मोकल."