जोतीराम पैलवानाचा पुढे केलेला हात

कुठल्याही समाजाची प्रगती आत लढणाऱ्यांपेक्षा बाहेर तयारीत उभ्या असलेल्यांवर अवलंबून असते. लढणाऱ्यांचं काय, आज आहेत, उद्या चितपट होतील. बाहेरचा मात्र कायम ताजा, कायम सज्ज आणि कायम अपराजित. या तत्त्वाचं इंदापूर तालुक्यातलं चालतंबोलतं (खरं म्हणजे नुसतंच उभं) उदाहरण म्हणजे सणसरचा जोतीराम पैलवान.

जोतीरामने १९९३ ते १९९९ या सात वर्षांत त्रेचाळीस जोडीकुस्त्या केल्या आणि त्यातली एकही हरला नाही. यापैकी एकाही कुस्तीत त्याने आखाड्यात पाऊल ठेवलं नव्हतं, ही बाब त्याच्या कीर्तीच्या आड कधी आली नाही.

जोडीकुस्ती आपल्याकडे केबलच्या वायरीतून आली. निवृत्त तलाठी चिंतामणराव बारामतीला पुतण्याकडे गेले असता त्यांनी टीव्हीवर परदेशी पैलवान पाहिले. दोघांविरुद्ध दोघे, एकेक आत, एकेक दोराबाहेर. आतला दमला की त्याने बाहेरच्याच्या हाताला हात लावायचा, मग बाहेरचा आत आणि आतला वाऱ्याला. चिंतामणरावांना यातली सोय फार आवडली. गावी परतताच त्यांनी समिती काढली, लाल मातीच्या आखाड्याभोवती कासऱ्यांचे तीन पदर ओढले आणि नियम लिहून काढले. नियम दोन: बाहेरच्याने डाव्या हाताने कासरा धरून ठेवावा, सोडल्यास जोडी बाद. नियम चार: "आतील पैलवान दोराबाहेरील आपल्या बाजूच्या ज्या इसमास हात लावील, तो इसम पुढील कुस्तीस जबाबदार धरण्यात येईल." भाषा सरकारी कागदासारखी असल्याने कोणी हरकत घेतली नाही.

जोतीरामला जोडीदार मिळाला नरसिंहपूरचा दत्तोबा. वयाने दहा वर्षांनी मोठा, वजन एकशे दहा किलो, आणि मान कुठे संपते नि खांदा कुठे सुरू होतो याचा निकाल अद्याप लागलेला नाही. दत्तोबाने आधी लढायचं आणि दमला की जोतीरामला हात द्यायचा, असं ठरलं. परदेशी शास्त्राला देशी अडचण आली ती इथे. आमच्या तालमीतला पैलवान एक वेळ बरगडी मोडून घेईल, पण चालू कुस्तीत दुसऱ्याला मदतीला बोलावणार नाही. बोलावलं तर वस्ताद पुन्हा तोंड बघत नाही आणि पोरीबाळींच्या सोयरिकी अडतात त्या वेगळ्याच.

"तात्या, द्या की हात," जोतीराम दोराबाहेरून काकुळतीने म्हणे.

"गप ऱ्हा, जोत्या. मी काय मेलोय व्हय?" दत्तोबा कोणाच्या तरी काखेतून म्हणे. आणि पुढच्या पाच मिनिटांत समोरच्याला एकटाच लोळवे.

जोतीरामने म्हणून काही कसूर केली नाही. रोज पाचशे जोर मारायचे, चार शेर दूध प्यायचं आणि जत्रेत उजवा हात पुढे करून उभं राहायचं. आता रिकामा हात पुढे आलेला दिसला की त्यात काहीतरी ठेवल्यावाचून आपल्या माणसांना राहवत नाही. सात वर्षांत त्या हातात काय काय आलं त्याची समितीकडे नोंद आहे. चहाचे ग्लास एकशे बारा. छत्र्या नऊ (पैकी एक अजून जोतीरामकडे). खोबऱ्याचा प्रसाद, बेसुमार. लग्नपत्रिका, वीजजोडणीचे अर्ज, आणि मोरगावच्या फडात एका म्हातारीच्या शेळीचं दावं, शेळीसकट. निवडणुकीच्या वर्षी तर तीन उमेदवारांनी तो हात एकामागून एक इतका हलवला की खांदा उतरला. कुस्तीत झालेली ही त्याची एकमेव दुखापत होय.

सत्काराचे एकवीस फेटे घरात जमले. पण जोतीरामला मनापासून एकच गोष्ट हवी होती, एकदा आत जायचं. जिंकू दे नाहीतर हरू दे, एकदा ती माती अंगाला लागू दे. याची खरी कल्पना फक्त त्याच्या बायकोला होती, कारण धुणं तिच्याकडे होतं. ज्योत्स्ना लंगोट उलटापालटा करून बघायची आणि नुसता पाण्यातून काढायची. एकदा जोतीराम येता येता उसाच्या सरीत गडबडा लोळून आला.

तिने चिमूटभर माती बोटांत चोळली. "ही आपल्या रानातली हाय," ती म्हणाली. "आखाड्याची लाल असती."

त्या रात्री जोतीराम जेवला नाही.

१९९९ साली इंदापुरात जोडीकुस्तीची अंतिम लढत लागली. समोर मोरगावचा संभाजी, ऐन पंचविशीतला. त्याचा जोडीदार (अनुभवी माणूस) दोराबाहेर पान चघळत होता. अर्धा तास झाला तरी निकाल लागेना, आणि मग लोकांनी कधी न पाहिलेलं पाहिलं. दत्तोबा खाली आला. एक खांदा मातीला टेकला, दुसरा चार बोटं वर राहिला.

नेमक्या त्याच वेळी गर्दीत मालनबाईंची चप्पल निघाली. मालनबाई सणसरच्याच, कडेवर चौदा महिन्यांची नात, तेजश्री. चप्पल शोधायची तर लेकरू कुठे ठेवायचं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर समोर एक हात पुढे होताच.

"धरा वो पैलवान जरा. तुमी काय, मोकळंच हाय," म्हणून त्यांनी तेजश्रीला त्या हातावर बसवलं आणि त्या पायांच्या जंगलात वाकल्या.

आणि दत्तोबाने जोतीरामकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्याचा हात मातीवरून सरकत दोराकडे आला.

"जोत्या," तो म्हणाला. "ये रं."

"आलोच, तात्या." जोतीराम म्हणाला. डावा हात कासऱ्याला, उजव्यावर पोर. पोर कोणाला द्यावं म्हणून त्याने मान वळवली, तेवढ्यात दत्तोबाची बोटं दोराखालून आली आणि तेजश्रीच्या तळपायाला लागली.

शिट्टी वाजली. चिंतामणरावांनी नियम चार दोनदा वाचला. इसमाच्या वयाची अट त्यात नव्हती. त्यांनी तेजश्रीला जबाबदार धरलं.

"दुपटं काढू का ऱ्हाऊ दे?" मालनबाईंनी चप्पल हातात घेऊन विचारलं. पंचांनी राहू द्यायला सांगितलं.

तेजश्रीला मातीत उभी केली. संभाजीने दंड थोपटले. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. संभाजीची स्वतःची मुलगी वर्षाची होती. असा ओठ बाहेर आला की घरी जे करायचं, तेच त्याने सवयीने केलं. "न्हाय न्हाय, रडू न्हाय," म्हणत तो सपशेल उताणा झोपला, तिला उचलून छातीवर घेतलं आणि "घोडा घोडा" म्हणू लागला.

दोन्ही खांदे मातीला. चिंतामणरावांनी वाकून तपासले आणि शिट्टी फुंकली.

हलगी कडाडली, फेटे उडाले. गदा तेजश्रीला उचलेना, म्हणून ती कोणाच्या तरी हातात द्यायची होती. जोतीरामचा हात पुढे होताच. त्याच्या एका हातात गदा आणि खांद्यावर विजेती, अशी मिरवणूक निघाली. दत्तोबा शेजारून चालत होता.

"सात वर्सांत येकदा हात मागितला रं तुला," एवढंच तो म्हणाला. जोतीरामला रडू फुटलं. लोकांना तो विजयाचा आनंद वाटला.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाने धुणं काढलं, तर पांढऱ्या फेट्याच्या शेमल्यावर दोन लाल पावलं, तीन-तीन बोटं रुंद. तिने माती चोळून पाहिली.

"आखाड्याचीच हाय," ती म्हणाली. "पर पावलं तुमची न्हायती." तो फेटा मात्र तिने धुतला नाही.

जोतीरामला तुम्ही हसलात, त्याबद्दल समितीची काही तक्रार नाही. समितीच्या माहितीप्रमाणे तुम्ही सध्या दोराबाहेर आहात, तुमच्या एका हातात हे पान आहे आणि दुसऱ्यात बहुधा चहा. मघापासून आतल्या खोलीतून तुम्हाला कोणी हाक मारत असेल, तर "आलोच" म्हणा. जोतीरामही तेच म्हणाला होता.