गल्लीने ठेवलेला शिपाई

उज्जैनहून परतताना दत्ताजीरावांच्या बैलगाडीचा आस मोडला आणि शेवटचे दोन कोस त्यांनी पायीच काढले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा गालावर आठ दिवसांची दाढी, गुडघ्यापर्यंत चिखल आणि डोक्याला पंचा असा अवतार होता. आणि घरासमोर धारच्या जयसिंगरावांचा घोड्यांचा शिगराम उभा! त्यांच्या मुलीला, कमलला, बघायला संध्याकाळी येणारी मंडळी भर दुपारीच ओट्यावर येऊन बसली होती.

धारची सोयरीक हा दत्ताजीरावांचा दोन वर्षांचा ध्यास. पत्रिका जुळली होती, व्याह्यांनी एकमेकांचं तोंड बघणं तेवढं राहिलं होतं. हे तोंड दाखवलं तर लग्न मोडलंच, असं त्यांच्या मनाने घेतलं. परसाची भिंत छातीइतकीच उंच होती. तिच्यावरून आत जावं, आंघोळ करावी, पगडी चढवावी आणि रुबाबात ओट्यावर यावं, असा त्यांनी बेत केला. एक पाय भिंतीपलीकडे गेला, आणि दुसरा फत्तेसिंगाने धरला.

फत्तेसिंग हा गल्लीचा स्वतःचा शिपाई. देवासात तेव्हा दोन महाराज होते, आणि या गल्लीचं दैव असं की डावीकडची घरं थोरल्या पातीत, उजवीकडची धाकट्या पातीत. चोर रस्ता ओलांडून गेला की अलीकडचा शिपाई हद्दीवर थांबे आणि पलीकडचा म्हणे, गुन्हा आमच्याकडे झालाच नाही. गेल्या वर्षी भवानीबाईंचा तांब्याचा हंडा असा दोन राज्यांच्या देखत गेला, तेव्हा त्यांच्या यजमानांनी म्हणजे दत्ताजीरावांनीच घरोघर वर्गणी काढून आपला शिपाई ठेवायचं ठरवलं. वर्गणी जमायला वर्ष गेलं. मग नियमही त्यांनीच लिहिले. भिंतीवरून येणाऱ्याला धरावं. तो स्वतःचं नाव काय सांगतो ते ऐकू नये. त्याच घरच्या वडील माणसाने नाव घेऊन ओळख दिली तरच सोडावं. एवढं लिहून ते उज्जैनला गेले, आणि समोरच्या उदाजीरावांनी मागाहून नेमावरचा फत्तेसिंग नेमला. त्यामुळे त्याने दत्ताजीरावांना कधी पाहिलंच नव्हतं.

घर माझंच आहे, असं दत्ताजीरावांनी दबक्या आवाजात तीनदा सांगितलं.

"सगळा चोर येज बोले, भिया," फत्तेसिंग म्हणाला, आणि त्याने त्यांना दंडाला धरून थेट पुढच्या ओट्यासमोर आणलं.

जयसिंगरावांनी तोंडातलं पान गालात सारलं आणि हा कोण, असं विचारलं. दत्ताजीरावांनी मान खाली घातली. चोर ठरलो तर फार तर चौकी बघावी लागेल, व्याही म्हणून ओळखले गेलो तर पोरीचं लग्न जाईल, असा त्यांनी हिशेब केला. गलका ऐकून उदाजीराव बाहेर आले. त्यांनी एका नजरेत ओळखलं, पण हंडा गेल्यापासून चोर तुमच्या बाजूचा की आमच्या, या वादात दोघांचं बोलणं बंद होतं.

"मी पडलो धाकट्या पातीतला," उदाजीराव शांतपणे म्हणाले. "माझी साक्ष रस्त्याच्या त्या बाजूला कशी चालेल?"

फत्तेसिंग कैद्याला घेऊन चालू लागला, तेव्हा दाराआडून बांगड्या वाजल्या. सोडा त्यांना, ते आमच्याच घरचे आहेत, असं भवानीबाईंनी सांगितलं. दत्ताजीराव डोळ्यांनी नको नको म्हणत होते.

"नाम बताओ, बाईसाब," फत्तेसिंग म्हणाला. "हुकम नाम को हे."

इथे मात्र पंचाईत आली. नवऱ्याचं सरळ नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, याबद्दल भवानीबाईंची खात्री होती, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. मग दाराआडून चांगला खणखणीत आवाज आला:

"दार होतं उघडं, तरी भिंतीकडे घेतली धाव,
शिपायाच्या हाती सापडले दत्ताजीराव."

दत्ताजीरावांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि बायकोचं कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम वाटल्यामुळे त्यांना खाली बघावं की वर, ते कळेना.

जयसिंगरावांनी चिखलाच्या पायांकडे एकदा बघितलं आणि उठून पायरी उतरले.

"आमच्या घरात माझ्याखेरीज सात माणसं आहेत," ते म्हणाले, "आणि वेळ आली की सातही जण माझ्या तोंडाकडे बघतात. मुलगी आईच्या वळणाची आहे का?"

"आईपेक्षा एक पाऊल पुढेच आहे," दत्ताजीराव भीतभीत म्हणाले.

"मग आम्हाला पसंत. बघायचं काय ते तुमची आंघोळ झाल्यावर बघू."

दत्ताजीरावांनी व्याह्यांना नमस्कार करायला हात जोडू पाहिले, पण एकच हात वर आला. दुसरा अजून फत्तेसिंगाकडेच होता. सोड आता, नाव मिळालं ना, असं त्यांनी त्याला बजावलं.

"नाम मिल्यो," फत्तेसिंग म्हणाला. "पण छोडने को हुकम तो दत्ताजीराव साब देगा."

"अरे, मीच तो."

नाव घरच्या बाईंनी घेतलेलं होतं, त्यामुळे हे मात्र फत्तेसिंगाला पटलं. त्याने टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला. सलामाला उजवा हात लागतो, म्हणून दत्ताजीराव सुटले.